सोमवार मॉलीचा, गुरुवार जॅकीचा

एक प्रश्न विचारते, खरंखरं उत्तर द्या. तुमची आई शेवटची कधी फक्त तुमच्याशी, एकट्याशी, तासभर निवांत बोलत बसली होती? जेवलास का, सबमिशन झालं का, गाडीची किल्ली कुठे ठेवलीस हे सोडून. घरात दोनच भावंडं असली तरी हे जमत नाही. आता अशी एक आई डोळ्यांसमोर आणा, जिच्या घरात एकाच वेळी आठ-नऊ मुलं आहेत, नवरा कर्जात बुडालाय, आणि तरी तिनं प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली आहे.

ही आई म्हणजे सुझॅना वेस्ली. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी अनेक ख्रिस्ती कुटुंबं आज अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आहेत. त्यातल्या कित्येक घरांत मुलांना लहानपणापासून मिशनरींच्या गोष्टी सांगतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. अशा घरांत सुझॅनाचं नाव आजीसारखं घेतलं जातं. गंमत म्हणजे तिच्या या घरगुती शाळेचा एक धागा थेट आपल्या देशात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येऊन पोचतो. तो कसा, ते पुढे सांगते.

पंचविसावं अपत्य

सुझॅनाचा जन्म १६६९ चा, लंडनचा. वडील डॉ. सॅम्युअल अॅन्सली नावाजलेले धर्मगुरू. सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडचे नियम न मानणाऱ्या गटातले, आणि त्यापायी त्यांना आपलं चर्च सोडावं लागलं होतं. सुझॅना त्यांचं पंचविसावं अपत्य. हो, बरोबर वाचलंत, पंचविसावं. पुस्तकांच्या आणि वादविवादांच्या घरात वाढलेल्या या मुलीनं तेराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही बाजू तपासल्या आणि वडिलांनी नाकारलेल्या चर्च ऑफ इंग्लंडमध्येच जायचं ठरवलं. वडिलांनी ते मान्य केलं. आपण तेराव्या वर्षी काय करत होतो, हा विचार मी मुद्दाम टाळते.

१६८८ मध्ये तिचं लग्न झालं सॅम्युअल वेस्लीशी. हा धर्मगुरू होता, कवी होता आणि पैशाच्या बाबतीत अगदी कच्चा होता. लिंकनशरमधल्या एपवर्थ या गावी त्याची नेमणूक झाली आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं त्यांचा संसार तिथेच झाला. सुझॅनाला एकूण एकोणीस मुलं झाली. त्यातली नऊ तान्हेपणीच गेली. उरली दहा, तीन मुलगे आणि सात मुली. १७०५ मध्ये कर्जापायी नवऱ्याला लिंकनच्या तुरुंगात टाकलं. तिनं अंगावर असलेल्या अंगठ्या त्याच्याकडे पाठवून दिल्या. त्यानं त्या परत केल्या.

हे दोघं भांडायचेही जोरदार. राजा तिसरा विल्यम हा खरा राजा नाही असं तिचं मत. एकदा नवऱ्याच्या लक्षात आलं की राजासाठीच्या प्रार्थनेनंतर ही आमेन म्हणत नाही. तो चिडून घर सोडून लंडनला निघून गेला आणि महिनोन्‌महिने आलाच नाही. अखेर १७०२ मध्ये राजाच वारला आणि भांडणाचं कारण संपलं. समेटानंतर जन्मलेला मुलगा म्हणजे जॉन. घरातलं नाव जॅकी.

स्वयंपाकघरापलीकडची शाळा

एपवर्थच्या घरात शाळा भरायची सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. अटेंडन्सचा प्रश्नच नव्हता, कारण कारणाशिवाय जागेवरून उठायचंच नाही. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवसापासून त्याचं शिक्षण सुरू. पहिल्या दिवशी पूर्ण मुळाक्षरं. बहुतेक मुलांनी ती एका दिवसात पाठ केली. दोन मुलींना दीड दिवस लागला. त्यानंतर बालपुस्तक वगैरे नाही, थेट बायबलचा पहिला अध्याय. एकेक अक्षर जोडत, एकेक शब्द वाचत.

तिचे काही नियम आजही विचार करायला लावतात. चूक स्वतःहून कबूल केली तर मार नाही. एका चुकीची शिक्षा दोनदा नाही आणि ती नंतर पुन्हा उकरूनही काढायची नाही. भावंडाची वस्तू, मग ती टाचणी का असेना, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दिलेला शब्द पाळायचा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम मुलींसाठी होता. मुलीला चांगलं वाचता आल्याशिवाय तिच्या हातात सुई-दोरा द्यायचा नाही. त्या काळात मुलींना आधी शिवण शिकवायचे, वाचन जमलं तर जमलं. सुझॅनानं हा क्रम उलटा केला.

पण तिला सरसकट आदर्श आई म्हणून डोक्यावर घेऊ नका. मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच मोडून काढली पाहिजे, असं तिचं ठाम मत होतं. वर्षाचं मूल छडीला घाबरायला आणि हळू आवाजात रडायला शिकलं पाहिजे, असंही. आज हे वाचताना अंगावर काटा येतो.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली. सुझॅनाचे दिवस भरत आले होते. तशीच ती ज्वाळांमधून बाहेर पडली. मुलं मोजली तर एक कमी. पाच वर्षांचा जॅकी वरच्या खिडकीत उभा होता. शिडी आणायला वेळ नव्हता. एक शेजारी दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि पोराला खाली ओढलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं.

घर पुन्हा बांधून होईपर्यंत मुलं वेगवेगळ्या घरी राहिली. परत आली तेव्हा शिस्त गेली होती, भाषा बिघडली होती. सुझॅनानं शाळा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मनासारखी पुस्तकं मिळेनात, तेव्हा मुलांसाठी धर्मशिक्षणाचे धडे तिनं स्वतः लिहून काढले.

तरंगंबाडीहून आलेली गोष्ट

आता तो तमिळनाडूचा धागा. १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजानं पाठवलेले दोन जर्मन तरुण तरंगंबाडीला उतरले. ही तेव्हा डॅनिश लोकांची व्यापारी वसाहत होती, युरोपीय लोक तिला ट्रांकेबार म्हणायचे. एकाचं नाव बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग, दुसऱ्याचं हाइनरिश प्लुत्शाऊ. झिगेनबाल्गचं वय जेमतेम चोवीस, म्हणजे आपल्यातल्या एखाद्या एमए करणाऱ्या पोराएवढं. त्यानं लहान मुलांच्या बरोबरीनं बसून तमिळ अक्षरं गिरवली. पुढे नव्या कराराचं तमिळ भाषांतर केलं आणि ते १७१५ पर्यंत तिथेच छापून झालं. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे कुणाला शाळा-दवाखाने आठवतात, कुणाला धर्मांतरं आणि परकी सत्ता. दोन्ही आठवणींना आधार आहे. पण सुझॅनाच्या घरात पोचली ती या दोन तरुणांच्या पत्रांवरून झालेली एक इंग्रजी पुस्तिका.

१७११-१२ चा हिवाळा. नवरा चर्चच्या सभेसाठी लंडनला गेलेला. थोरली मुलगी एमिलिया वडिलांच्या खोलीत पुस्तकं चाळत होती. तिला ही पुस्तिका सापडली आणि तिनं ती आईला वाचून दाखवली. सुझॅना हलून गेली. पुढे कित्येक दिवस तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. आपण पुरुष नाही, धर्मगुरू नाही, जहाजात बसून कुठे जाऊ शकत नाही, हे तिला माहीत होतं. मग आहोत तिथून काय करता येईल?

तिनं टाइमटेबल केलं. सोमवारी मॉली. मंगळवारी हेटी. बुधवारी नॅन्सी. गुरुवारी जॅकी. शुक्रवारी पॅटी. शनिवारी चार वर्षांचा चार्ल्स, ज्याची अजून मुळाक्षरंही सुरू झाली नव्हती. रविवारी एमिलिया आणि सुकी या मोठ्या दोघी एकत्र. त्या संध्याकाळी त्या मुलानं मनातलं काहीही बोलावं, काहीही विचारावं. हा वर्ग नव्हता, दोन माणसांचं बोलणं होतं.

त्याच हिवाळ्यात दुसरीही गोष्ट घडली. रविवारी संध्याकाळी ती मुलांना आणि नोकरांना प्रवचन वाचून दाखवायची. एका नोकर पोरानं घरी सांगितलं, त्याचे आईवडील आले, मग शेजारी आले. बघता बघता दोनशेहून जास्त माणसं जमू लागली. नवऱ्याच्या जागी काम बघणारा धर्मगुरू भडकला, कारण त्याच्या चर्चमध्ये एवढी गर्दी नसायची. त्यानं लंडनला तक्रार केली. नवऱ्यानं कळवलं की बाईमाणसानं हे करणं बरं दिसत नाही, दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. तिचं उत्तर असं की इथल्या एकाही पुरुषाला अडखळल्याशिवाय प्रवचन वाचता येत नाही. तरी त्यानं थांबवायला सांगितलं, तेव्हा तिनं लिहिलं की मग इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवासमोर याचा जाब तुम्ही द्याल. त्याला तो हुकूम काही देता आला नाही.

मुलगे ऑक्सफर्डला, मुली?

इथपर्यंतची गोष्ट प्रेरणादायी भाषणात छान बसते. पुढची बसत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

तिन्ही मुलगे लंडनच्या मोठ्या शाळांत गेले आणि तिथून ऑक्सफर्डला. सातही मुलींची तीच आई, तेच सहा तास, तेच नियम. पण त्यांच्यासाठी ऑक्सफर्डचं दार बंद होतं. हेटी आठव्या वर्षी ग्रीक वाचायची, कविता करायची. भावंडांत बहुधा तीच सर्वांत हुशार. तारुण्यात एका माणसाबरोबर ती पळून गेली, त्यानं लग्न केलं नाही. गरोदर हेटीचं १७२५ मध्ये घाईघाईनं एका प्लंबरशी लग्न लावून दिलं गेलं. संसार दुःखाचा झाला, मुलं जगली नाहीत. वडिलांनी तिला मनापासून माफ केलं नाही, आणि आईही लगेच विरघळली नाही. जॉननं चर्चमध्ये बहिणीची बाजू घेणारं प्रवचन दिलं, तेव्हा वडील त्याच्यावरही नाराज झाले.

एमिलियानं शिक्षिका म्हणून काम केलं आणि गेन्सबरो गावात स्वतःची शाळा चालवली. १७३५ मध्ये सॅम्युअल वारला. घर चर्चचं, त्यामुळे तेही गेलं. तेव्हा सुझॅना आधी राहायला गेली ती एमिलियाकडेच. तरंगंबाडीची ती पुस्तिका शोधून काढणारी हीच मुलगी.

त्याच वर्षी जॉन आणि चार्ल्स मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियाला निघाले. नवीनच विधवा झालेल्या आईला सोडून जावं का, असा जॉनला प्रश्न पडला होता. असे वीस मुलगे असते आणि सगळेच गेले असते तरी मला आनंदच झाला असता, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली असं सांगतात. तिथे मात्र दोघंही सपशेल नापास झाले. मूळ रहिवाशांपर्यंत पोचणं जॉनला जमलं नाही, एका प्रेमप्रकरणातून कोर्टकज्जा झाला आणि १७३८ मध्ये तो हात हलवत परतला. त्याचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. उघड्या मैदानावर खाणकामगारांसमोर प्रवचनं, आणि दर आठवड्याला भेटून मनातलं बोलणारे छोटे छोटे गट. ही कल्पना त्याला कुठून सुचली असेल, ते तुम्हीच ठरवा.

सुझॅनाची शेवटची वर्षं लंडनमध्ये जॉनच्या घरी गेली. धर्मगुरू नसलेला एक साधा माणूस प्रवचन देतोय हे कळल्यावर जॉन त्याला थांबवायला निघाला होता. आईनं त्याला आधी त्याचं ऐकून घ्यायला सांगितलं. जॉननं ऐकलं आणि थांबवलं नाही. जुलै १७४२ मध्ये ती गेली. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये तिची कबर आहे.

जॉनची चळवळ पुढे अमेरिकेत पसरली. तिथल्या मेथडिस्ट मिशनची इझाबेला थोबर्न १८७० मध्ये लखनौला आली आणि अमिनाबादमध्ये सहा मुलींना घेऊन तिनं शाळा सुरू केली. त्या शाळेचं पुढे मुलींचं कॉलेज झालं, आणि ते आजही चालू आहे. हेटीला जे मिळालं नाही ते लखनौच्या मुलींना मिळालं. यानं हेटीची भरपाई होत नाही, पण माहीत असलेलं बरं.

सुझॅनाच्या शाळेबद्दल आपल्याला एवढं माहीत आहे, कारण १७३२ मध्ये जॉननं तिला सगळी पद्धत लिहून पाठवायला सांगितली. तेव्हा तो ऑक्सफर्डमध्ये शिकवत होता, वय जवळपास तीस. त्याच वर्षीच्या एका पत्रात त्यानं आईकडे आणखी एक गोष्ट मागितली. गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडासा वेळ आताही माझ्यासाठी काढता येईल का, असं त्यानं विचारलं होतं.

त्या गुरुवारांना वीस वर्षं होऊन गेली होती. मुळाक्षरं, शिस्त, ग्रीक या सगळ्यातून त्यानं परत मागितली ती फक्त ही एक संध्याकाळ. घरी धाकटं भावंडं असेल, खोलीत गप्प गप्प राहणारा रूममेट असेल, तर या आठवड्यात एक वार ठरवून बघा. फोन बाजूला ठेवून.