पेन्शनर सुभेदार रामजी सकपाळ

आपल्या शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी महार सैनिकांनी गाजविलेल्या पराक्रमाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. मात्र पलटणीतून घरी परतलेल्या सैनिकाने पुढे संसार कसा चालविला, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या जीवनाचा परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रामजींचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजींनीही तोच मार्ग धरला. त्या काळी गावच्या शाळेचे दार अस्पृश्यांना बंद होते, पण लष्करात सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. रामजींनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. सुभेदारपदापर्यंत पोहोचलेला हा सैनिक वृत्तीने शिक्षकच होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्मास आले.

पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दारातून अक्षरओळख घरात आली, ते दारच मिटले. या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले.

निवृत्तीनंतर दरमहा ५० रुपये पेन्शन मिळे. मोठ्या कुटुंबाला ते अपुरे होते. काही काळ दापोलीस राहून रामजी साताऱ्यास आले आणि बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. तेथेच पत्नी भीमाबाईंचे निधन झाले. पुढे त्यांनी गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी केली. पलटणीतला हुद्दा असा मागे पडला, तरी कष्टाला त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. कबीरपंथी असलेल्या या गृहस्थाच्या घरात पहाटेची भजने आणि मुलांचा अभ्यास यांत खंड पडला नाही.

नोकरी संपल्यावर ते मुंबईस परळच्या डबक चाळीत राहिले. घर एका खोलीचे. भीमरावांना ते लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवीत. पुस्तक हवे असेल आणि हाती पैसा नसेल, तर लग्न झालेल्या मुलीकडून दागिना मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन येताच सोडवून तिला परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांचा पुत्र कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास अमेरिकेस गेला. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आमच्या निवासी शाळेत मुलाला सोडताना अनेक पालक हातउसने किंवा कर्ज काढून आलेले असतात, हे आम्ही जाणतो. त्या पालकांनी आपल्या परिस्थितीची लाज बाळगू नये. सुभेदारांनीही मुलीचा दागिना गहाण ठेवूनच पुस्तके आणली होती. विद्यार्थ्यांनी मात्र त्या दागिन्याची किंमत ओळखून अभ्यास करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.