जोसेफीन बटलरबाई यांचे अल्पचरित्र

वाचकहो, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटलेल्या विल्बरफोर्स साहेबांचे नाव आपल्या मंडळ्यांतून पुष्कळांस ठाऊक आहे. तो व्यापार कायद्याने बंद झाला, तरी मुलींची खरेदीविक्री देशोदेशी गुप्तपणे चालूच राहिली. ती उजेडात आणण्यासाठी जिने आयुष्य वेचले त्या ख्रिस्ती बाईची माहिती मात्र थोड्यांसच आहे.

जोसेफीनबाईंचा जन्म १३ एप्रिल १८२८ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलंड प्रांती झाला. वडील जॉन ग्रे हे शेतकीत निष्णात व गुलामगिरीचे कट्टे वैरी होते. १८५२ साली बाईंचा विवाह जॉर्ज बटलर यांच्याशी झाला. ते पुढे पाळक झाले. १८६४ साली या कुटुंबावर मोठा घाला पडला. आईबाप बाहेरून घरी आले असता त्यांस भेटण्याच्या घाईत त्यांची एकुलती एक कन्या ईव्हा जिन्याच्या कठड्यावरून खाली पडली आणि मरण पावली. ती अवघी पाच वर्षांची होती.

दोन वर्षांनी पतीच्या नेमणुकीमुळे ते लिव्हरपूल बंदरी राहावयास गेले. आपल्याहून अधिक दुःखी कोणी असेल त्यास शोधावे, या विचाराने बाई तेथील गरिबांच्या कामगृहात जाऊ लागल्या. तेथे शेकडो स्त्रिया तळघरात ओल्या फरशीवर बसून जुन्या डांबरी दोरखंडाचे धागे सोडवीत असत. बाई त्यांच्यात बसल्या, तेच काम करू लागल्या. हात सराईत नसल्यामुळे त्या बाया हसल्या, आणि त्या हसण्यातूनच ओळख झाली. पुढे आजारी व टाकलेल्या मुलींस बाईंनी आपल्या घरी आणून ठेवले. पाळकाच्या घरात हे पाहून शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल ते सांगावयास नको.

त्या काळी १८६४, १८६६ व १८६९ या सालांच्या कायद्यांनी लष्करी ठाण्यांतील पोलिसांस असा अधिकार दिला होता की, नुसत्या संशयावरून कोणाही स्त्रीस धरून तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी करवावी. पुरुषांस मात्र कोणी हात लावीत नसे. बाईंनी याविरुद्ध सभा भरविल्या. १८७२ साली पाँटफ्रॅक्ट येथे सभा चालू असता विरोधकांनी खालच्या मजल्यावर गवत पेटवून दिले. चर्चच्या परिषदेत जॉर्ज बटलर या विषयावर निबंध वाचू लागले तेव्हा खुद्द धर्मबंधूंनी आरडाओरड करून त्यांस खाली बसविले. अशी वागणूक परक्यांपेक्षा आपल्यांकडून अधिक जाचते. तरी त्या पतीने पत्नीस कधी मागे ओढले नाही. हे कायदे १८८६ साली रद्द झाले.

याच खटपटीत बाई फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड इत्यादी देशांत हिंडल्या. एका देशाचा कायदा सीमेपाशी थांबतो, दलाल थांबत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १८७५ साली अनेक देशांतील सहकाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला व १८७७ साली जिनीव्हा येथे त्याची मोठी परिषद भरली.

१८८० साली बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरातील प्रकरण बाहेर आले. दलाल इंग्लंडातील गरीब मुलींस चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून तिकडे नेत. तेथे एकवीस वर्षांखालील मुलीस कुंटणखान्यात नोंदविण्याची मनाई होती. म्हणून ते दुसऱ्याच मोठ्या मुलीचा जन्मदाखला काढून त्या नावाने नोंद करीत. मग मुलीस सांगावयाचे की, तू खोटे नाव दिलेस, बाहेर पडलीस तर तुरुंगात जाशील. वर कपड्यांचे कर्ज तिच्या नावे मांडलेले, आणि भाषा परकी. उपदेशक बंधूंनी हा डाव नीट समजून घ्यावा. अनोळखी माणूस मुलीस नोकरी किंवा स्थळ दाखवतो तेव्हा आजही रीत फारशी वेगळी नसते. बाईंनी हे सर्व छापून प्रसिद्ध केले. ब्रुसेल्सला खटले चालून कुंटणखानेवाल्यांस शिक्षा झाल्या, आणि इंग्लंडात लॉर्डांच्या सभेने चौकशी नेमली. १८८५ सालच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १३ वरून १६ झाले.

हिंदुस्थानाचाही बाईंस विसर पडला नाही. येथे १८६८ पासून तसाच कायदा होता. तो १८८८ साली रद्द होऊनही लष्करी छावण्यांतून जुनाच प्रकार चालू असल्याची कुणकुण होती. तेव्हा बाईंच्या प्रेरणेने एलिझाबेथ अँड्र्यू व केट बुशनेल या अमेरिकन भगिनी १८९१-९२ मध्ये येथे आल्या व छावण्यांतील स्त्रियांच्या तोंडून हकीकत मिळविली. माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आरोप आधी नाकारले, पण १८९३ साली त्यांस क्षमा मागावी लागली. १८९५ च्या कायद्याने तपासणी बंद झाली, परंतु दोनच वर्षांत तिला पुन्हा वाट मिळाली. त्या वेळी बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर, विधवा व आजारी होत्या. तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

१८ मे १९०४ रोजी पॅरिस येथे अनेक सरकारांनी करार केला. प्रत्येक देशाने या कामी एक अधिकारी नेमावा, त्याने परदेशातील अधिकाऱ्याशी थेट पत्रव्यवहार करावा, बंदरे व रेल्वे स्टेशने यांवर नजर ठेवावी, आणि फसलेल्या मुलींस स्वदेशी पोचवावे, असे त्यात ठरले. हे पाहावयास बाई हयात होत्या. ३० डिसेंबर १९०६ रोजी वूलर गावी त्या प्रभूमध्ये निजल्या. जवळच कर्कन्यूटन येथे त्यांची कबर आहे. पुढे १९४९ साली संयुक्त राष्ट्रांनी याच विषयावर व्यापक करार केला, व १९५३ साली भारत त्यात सामील झाला.