रुडॉल्फ डिझेल

रेल्वेच्या यार्डात दिवसभर वाघिणी ढकलणाऱ्या शंटिंगच्या एंजिनाकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. पण ज्याचे नाव त्या एंजिनास मिळाले, त्या रुडॉल्फ डिझेलच्या हयातीत त्याच्या यंत्रास रुळांवर यश लाभले नाही.

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील पुस्तके बांधण्याचा व्यवसाय करीत. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि कुटुंबास लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तेथून शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातलगांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यास कळले की, वाफेचे यंत्र कोळशातील उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामी लावते. ही उधळपट्टी त्याच्या मनास कायमची डाचत राहिली.

सिलिंडरातील हवा इतकी दाबावयाची की, तिच्याच उष्णतेने इंधनाने पेट घ्यावा, ठिणगीची गरज उरू नये, ही त्याची कल्पना. १८९३ साली पेटंट मिळाले. त्याच वर्षीच्या पहिल्या चाचणीत दाब मोजण्याचे उपकरण फुटून तुकडे उडाले. तरी तो मागे हटला नाही. १८९७ साली त्याच्या यंत्राने इंधनातील २६ टक्के उष्णता कामी लावून दाखविली.

रेल्वेने मात्र दाद दिली नाही. १९१२ साली त्याच्या सहभागाने स्वित्झर्लंडमध्ये विंटरटूर येथे एक मोठे एंजिन सिद्ध झाले. त्यातील यंत्र थेट चाकांना जोडलेले होते. चाके थांबली की यंत्रही थांबे. म्हणून दर वेळी दाबलेल्या हवेच्या जोरावर गाडी हलवावी लागे. तो प्रयोग फसला. इकडे डिझेल कर्जात बुडाला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या आगबोटीवरून तो नाहीसा झाला. पुढे समुद्रात सापडलेल्या प्रेतावरील वस्तू मुलाने ओळखल्या. हा अपघात की आत्मघात, याचा निर्णय कधीच लागला नाही.

यंत्राने चाके न फिरवता जनित्र फिरवावे व त्या विजेने चाकांवरील मोटारी चालवाव्या, हा तोडगा पुढे रुळांवर रूढ झाला. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने तो शंटिंगसाठी वापरला. वाफेचे एंजिन काही तास आधी पेटवावे लागते, आणि नुसते उभे असतानाही ते कोळसा खाते. यार्डात तर निम्मा वेळ उभेच राहावे लागते! १९५२ ते १९६२ या काळात ब्रिटिश रेल्वेने एकाच नमुन्याची अशी ९९६ एंजिने बांधली. शक्ती ३५० अश्वशक्तीची, वेग ताशी पंधरा-वीस मैल. मात्र भरलेल्या वाघिणींची रांग जागची हलविण्यात ती पटाईत होती.