पापा फ्लॅश

सफरचंदातून आरपार जाणारी गोळी आणि दुधाच्या थेंबाचा मुकुट, हे फोटो तुम्ही नक्कीच पाहिले असतील. ते ज्यांचे, ते हॅरॉल्ड एजर्टन फोटोग्राफर नव्हतेच मुळी. आपल्यासारखेच इलेक्ट्रिकलवाले!

जन्म १९०३, नेब्रास्का. १९२५ला तिथल्याच विद्यापीठाची पदवी, मग एमआयटी. सिंक्रोनस मोटरवर अचानक लोड आला की रोटर नेमकं काय करतो, हे त्यांना बघायचं होतं. डोळ्यांना तर नुसतं गरगर! म्हणून रोटरच्या वेगाशी जुळवून त्यांनी ट्यूबमधून लखलखाट केला, आणि फिरता रोटर जागच्या जागी उभा दिसला. १९३१मध्ये डॉक्टरेट.

माझ्या मते त्यांची खरी कमाई फोटो नव्हे, ट्रिगर. कपॅसिटर कोणीही चार्ज करेल; तो नेमक्या क्षणी रिकामा करणं अवघड.

१९४७मध्ये जर्मेसहाउझेन आणि ग्रायर या जुन्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी ईजी अँड जी कंपनी काढली. अमेरिकेच्या अणुचाचण्यांचं टायमिंग आणि फायरिंग तिच्याकडे आलं. अणुबॉम्बचे डिटोनेटर एकदमच उडावे लागतात. त्यासाठी कंपनीचा क्रायट्रॉन हा गॅस भरलेला स्विच, आणि स्प्रायट्रॉन हा त्याचा निर्वात भाऊ. किरणोत्सर्गाने गॅसमध्ये आयन तयार झाले की स्विच अवेळी पेटू शकतो. निर्वातात ती भीती नाही. पण मग करंट वाहणार कशातून? तर ट्रिगरची ठिणगी आधी थोडा प्लाझ्मा उडवते, तो गॅपमध्ये पसरतो, आणि मग मुख्य डिस्चार्ज होतो. यात जाणारा वेळ म्हणजे डिले. तो दरवेळी सारखाच असेल तर ट्रिगर तेवढा आधी देऊन भागतं. पण दर शॉटला बदलायला लागला, म्हणजेच जिटर आला, की चार स्विच एकत्र चालवायचं विसराच!

इथे मात्र मी अडखळतो. त्यांच्या रापाट्रॉनिक कॅमेऱ्याने अणुस्फोटाचा अगदी पहिला क्षण टिपला. ते फोटो सुंदर म्हणावेत की भयंकर, माझं अजून ठरत नाही. विद्येचा मालक कोण, हा प्रश्न व्हायव्हात कोणी विचारत नाही.

पुढे १९५३पासून ते झाक कुस्तोंबरोबर समुद्रात कॅमेरे उतरवू लागले. बोटीवरच्या मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं पापा फ्लॅश. १८६२ साली बुडालेली मॉनिटर ही युद्धनौका १९७३मध्ये सापडली, त्या मोहिमेतही हे सत्तरीचे गृहस्थ साइड-स्कॅन सोनार घेऊन हजर!

४ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, एमआयटीच्याच फॅकल्टी क्लबमध्ये ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या लॅबसमोरच्या कॉरिडॉरला स्ट्रोब अ‍ॅली म्हणतात.