माधवराव सप्रे : जहाल पत्रकार, माफीनामा आणि प्रायश्चित्त

पंडरी (रायपूर) : काँग्रेसमधील जहाल विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचविणारे माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीच्या प्रसारार्थ १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. त्याच वर्षी सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाल्यावर कुटुंबीयांच्या आग्रहाखातर त्यांनी माफीनामा दिला व त्यांची सुटका झाली. मात्र त्याची सल कायम राहिली. सार्वजनिक जीवनापासून दूर होऊन त्यांनी ‘दासबोध’ व पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.