प्लेगविरोधी लसीचे जनक हाफकिन

मुंबईतील परळची हाफकिन संस्था महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ज्यांचे नाव या संस्थेला देण्यात आले, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या भारतातील कार्याचा प्रारंभ आणि शेवट मात्र कोलकात्यात झाला.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कोलकात्यात आले. हिंदुस्थान सरकारची राजधानी तेव्हा येथेच होती. व्हाइसरॉयचे गव्हर्न्मेंट हाउस एस्प्लनेड परिसरात होते. या शहरातील गरीब वस्त्यांमध्ये हाफकिन यांनी पटकीची लस टोचण्याचे काम केले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला. प्लेग हा मूलतः उंदरांसारख्या कृंतक प्राण्यांचा जिवाणूजन्य रोग असून, बाधित उंदरावरील पिसू चावल्याने तो माणसाला होतो. पिसवांची ही भूमिका पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिली. त्यापूर्वीच हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्या प्रयोगशाळेत उष्णतेने मारलेल्या जिवाणूंपासून लस बनवली होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवून सरकारने त्यांना निलंबित केले. वस्तुतः बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक केला गेला नव्हता. दोष परळच्या प्रयोगशाळेत शिरला असता, तर लसीला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

तोपर्यंत परळचे पद दुसऱ्याकडे गेले होते. हाफकिन कोलकात्यात रुजू झाले. परंतु लसींच्या चाचण्यांची मुभा त्यांना मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपला परतले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.