महात्मा फुले आणि पितृत्वाची जबाबदारी

थोर समाजसुधारक महात्मा जोतिराव फुले यांचे नाव घेताच १८४८ साली पुण्यातील भिडेवाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेचे स्मरण होते. त्यांनी १५ वर्षांनंतर सुरू केलेल्या आणखी एका कार्याची चर्चा मात्र त्या मानाने कमीच होते.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतिरावांना मातृसुख फार काळ लाभले नाही. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. या दाम्पत्यास अपत्य झाले नाही. वडील गोविंदराव यांनी दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला असता जोतिरावांनी तो साफ नाकारला, असे चरित्रकार सांगतात. मूल न होण्याचा दोष केवळ पत्नीच्या माथी मारणे त्यांना मान्य नव्हते. एका पुरुषाने दोन स्त्रिया करण्याच्या चालीवर त्यांनी पुढे आपल्या ग्रंथातूनही कठोर टीका केली.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला, तरी उच्चवर्णीय समाजात तो कागदावरच राहिला. बालवयात वैधव्य आलेल्या मुली घरोघरी राबत आणि एखाद्या पुरुषाच्या वासनेस बळी पडत. त्यानंतर गर्भपातासाठी घेतली जाणारी विषारी औषधे, नाहीतर नवजात अर्भकाची हत्या, हेच मार्ग त्यांच्यापुढे उरत. १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेनुसार स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. तिला त्या अवस्थेत लोटणाऱ्या पुरुषाचे नाव क्वचितच कोणी विचारी.

जोतिरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई ही अशीच एक तरुण ब्राह्मण विधवा. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने नाना औषधे घेतली. पण उपयोग झाला नाही. अखेर मुलगा जन्मला आणि बेअब्रूच्या भीतीने तिने त्याला ठार करून प्रेत घरामागील विहिरीत टाकले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. १८८४ साली सरकारकडे पाठविलेल्या निवेदनात जोतिरावांनी ही हकिगत नोंदविली आहे. त्यात शास्त्र्यास शिक्षा झाल्याचा उल्लेख नाही.

या घटनेने व्यथित होऊन जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशा आशयाची पत्रके शहरात लावण्यात आली. एका माळ्याच्या घराने ब्राह्मण विधवांसाठी दार उघडावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यात साधी नव्हती. बाळंतपणाची सर्व व्यवस्था सावित्रीबाई पाहत. १८८४ च्या निवेदनानुसार तोवर ३५ विधवा येथे प्रसूत झाल्या. परंतु त्यांची केवळ ५ मुले हयात होती. इतर ३० बालके दगावली, कारण मातांनी गरोदरपण लपविण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना गर्भातच इजा झाली होती, असे जोतिरावांनी नमूद केले आहे. आश्रय देऊनही जीव वाचविता येत नव्हते, ही वेदना त्या आकड्यांत आहे.

याच गृहात एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंत या बालकास फुले दाम्पत्याने १८७४ साली दत्तक घेतले. जन्मदात्याने नाकारलेल्या मुलास जोतिरावांनी आपले नाव दिले, शिकविले आणि १८८७ च्या मृत्युपत्रान्वये वारस नेमले. १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने त्याचा विवाहही लावून दिला. पुढे यशवंत डॉक्टर झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक पुत्राच्या टिटवे धरण्याच्या हक्कास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.